मागच्या चाकांना डिस्क की ड्रम? उष्णतेला विचारा!

नवी पिकअप घ्यायला निघालेल्या माणसाला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. एक म्हणतो, "पुढे डिस्क ब्रेक आहेत ते ठीक, पण मागे अजून ड्रमच? मग ही गाडी जुनाट!" दुसरा म्हणतो, "ओझ्याच्या गाडीला ड्रमच पाहिजेत. डिस्क म्हणजे शहरी चोचले." दोघेही अगदी ठामपणे बोलतात. मात्र गाडीत ओझे किती भरणार, रस्ता सपाट की घाटाचा आणि वेग साधारण केवढा, हे दोघांपैकी एकानेही विचारलेले नसते.

माझे मत असे, की हा वाद 'नवे की जुने' असा मांडणेच चुकीचे आहे. हा उष्णतेचा जमाखर्च आहे, आणि तो मांडायला शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान पुरते. मांडून पाहिला म्हणजे तुमच्या ध्यानात येईल, की मागचे ड्रम ही काही ग्राहकाची फसवणूक नव्हे. हेही ध्यानात येईल, की चारही चाकांना डिस्क असल्या तरी बेसुमार भरलेली गाडी त्यांच्या भरवशावर घाटात सोडता येत नाही.

आधी दोन्ही ब्रेकांची ओळख करून घेऊ. ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर एक बिडाचा डबा फिरतो. त्याच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू असतात आणि त्यांवर घर्षण करणारे लायनर चिकटवलेले किंवा रिव्हेट केलेले असतात. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने शू बाहेरच्या बाजूला फाकतात आणि डब्याला आतून घासतात. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर एक उघडी चकती फिरते, आणि कॅलिपर नावाचा चिमटा दोन्ही बाजूंनी पॅड दाबून तिला पकडतो. आपल्या रस्त्यांवर भाजीपाला, दुधाचे कॅन, सिमेंटच्या गोण्या वाहणाऱ्या बहुतेक पिकअपना, उदाहरणार्थ बोलेरो पिकअपला, पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात.

यात डिस्क नवी आणि ड्रम जुना, असे सरसकट समजले जाते. मौज अशी, की दोघेही एकाच वयाचे आहेत! इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी चकतीच्या ब्रेकचे पेटंट घेतले ते १९०२ साली, आणि आजच्या ड्रम ब्रेकचे श्रेय ज्यांना देतात त्या फ्रान्सच्या लुई रेनो यांची रचनाही १९०२ चीच. पुढे पन्नास वर्षे ड्रम सर्वत्र पसरला आणि डिस्क मागे पडली. १९५३ साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार जिंकली, तेव्हा सगळ्यांचे लक्ष पुन्हा चकतीकडे वळले. १९५५ साली सिट्रोएन डीएस ही मोटार डिस्क ब्रेक घेऊन बाजारात आली. पण तिच्याही फक्त पुढच्या चाकांना डिस्क होत्या, मागे ड्रमच होते. त्या अभियंत्यांनी पुढचे आणि मागचे असा भेद का केला असेल?

मागच्या चाकांची दोन आयुष्ये

बस अचानक थांबली की उभे असलेले प्रवासी पुढे झुकतात. गाडीचेही तसेच होते. ब्रेक लागताच तिचे वजन पुढच्या चाकांवर रेलते आणि मागची चाके हलकी होतात. चाक रस्त्याला किती घट्ट धरून राहील हे त्यावरच्या वजनावर अवलंबून असल्यामुळे थांबवण्याचे बरेचसे काम पुढच्या चाकांना करावे लागते.

उदाहरणादाखल एक पिकअप घेऊ. तिच्या पुढच्या व मागच्या आसांमधले अंतर ३ मीटर. रिकामी असताना तिचे वजन १,५०० किलो आणि गुरुत्वमध्याची उंची ७५ सेंटिमीटर. उभी असताना ६० टक्के वजन पुढे, ४० टक्के मागे. आता चालकाने जोरात ब्रेक दाबला आणि गाडीचा वेग गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट दराने कमी होऊ लागला. मागून पुढे सरकणाऱ्या वजनाचे प्रमाण काढायला त्वरणाच्या या पटीला गुरुत्वमध्याच्या उंचीने गुणायचे आणि आसांमधल्या अंतराने भागायचे. ०.८ गुणिले ०.७५ भागिले ३, म्हणजे ०.२. याचा अर्थ २० टक्के वजन पुढे गेले. मागे उरले २० टक्के, अवघे ३०० किलो. एवढ्याशा वजनावर मागची चाके कितीशी पकड घेणार? साधा ड्रमही ती सहज अडकवू शकतो. मग तिथे डिस्क लावून थांबण्याचे अंतर कमी कसे होईल?

आता हौद्यात १,२०० किलो माल भरा. एकूण वजन २,७०० किलो झाले. माल मागच्या बाजूला आल्यामुळे ४० टक्के वजन पुढे आणि ६० टक्के मागे असे धरू. गुरुत्वमध्य वर सरकून ९० सेंटिमीटरवर आला. तेच गणित केले तर २४ टक्के वजन पुढे जाते आणि मागे ३६ टक्के उरते, म्हणजे सुमारे ९७० किलो. पहिल्यापेक्षा तिपटीहून जास्त!

मोटारीच्या आणि पिकअपच्या प्रश्नांत फरक पडतो तो इथे. मोटारीत चार माणसे बसली काय आणि एक बसला काय, मागच्या ब्रेकांच्या कामात एवढी तफावत पडत नाही. पिकअपच्या मागच्या चाकांना मात्र दोन आयुष्ये जगावी लागतात. सकाळी माल भरलेली गाडी, संध्याकाळी रिकामी गाडी, आणि ब्रेक तेच. रिकाम्या गाडीत मागचे ब्रेक जास्त लागले तर चाके अडकतात, रस्त्यावरून घसरतात आणि गाडीची शेपूट पुढे धावू पाहते. गाडी गिरकी घेते ती अशी. भरलेल्या गाडीत ते कमी लागले तर पुढच्या ब्रेकांवर नको तेवढा ताण पडतो.

यावर एक उपाय पुष्कळ पिकअपमध्ये दिसतो. मागच्या आसापासून एक दांडी चौकटीवरच्या एका झडपेला जोडलेली असते. माल भरला की पाटे दबतात, चौकट खाली येते, दांडी सरकते आणि झडप मागच्या ब्रेकांना जास्त दाब देते. रिकाम्या गाडीत तीच झडप दाब कमी करते. नव्या गाड्यांत हे काम चाकांचा वेग मोजणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. आता पाहा, जास्त माल मावावा म्हणून काही मालक पाट्यांत एक-दोन जादा पाटे घालून घेतात. मग गाडी भरली तरी चौकट पुरेशी दबत नाही. झडपेला वाटते गाडी रिकामीच आहे, आणि ऐन गरजेच्या वेळी ती मागच्या ब्रेकांचा दाब कमी ठेवते! नंतर दोष मात्र ड्रमला दिला जातो.

ड्रमची युक्ती आणि तिची किंमत

ड्रममध्ये एक छान युक्ती दडलेली आहे. ती समजायला मागच्या टोकाला रबर असलेली पेन्सिल घ्या. पेन्सिल तिरपी धरून रबर टेबलावर टेकवा. रबर पुढे आणि हात मागे ठेवून ढकला. रबर अडेल, थरथरेल, टेबलात रुतू पाहील. आता रबर मागे आणि हात पुढे ठेवून ओढा. पेन्सिल सहज सरकेल. पहिल्या प्रकारात घर्षणच रबराला टेबलावर जास्त जोराने दाबते, दुसऱ्यात ते दाब कमी करते.

ड्रममधल्या दोन शूंपैकी एकाची स्थिती पहिल्या पेन्सिलसारखी असते. फिरणारा ड्रम त्याला स्वतःच आपल्याकडे ओढून घेतो. त्यामुळे पायाने थोडा जोर लावला तरी ब्रेक जास्त लागतो. गाडी उलटी फिरू लागली तर ही मदत दुसऱ्या शूला मिळते. म्हणूनच चढावर किंवा उतारावर भरलेली गाडी हँडब्रेकवर उभी करायला ड्रम फार उपयोगी. डिस्कला अशी मदत मिळत नाही, तिला जास्त दाब लागतो. मागे डिस्क असलेल्या कित्येक गाड्यांत चकतीच्या मधल्या वाटीत हँडब्रेकसाठी एक छोटा ड्रम बसवलेला असतो. ड्रमला जुनाट म्हणणाऱ्यांनी एकदा त्या वाटीत डोकावून पाहावे.

पण या युक्तीची किंमत मोजावी लागते. लायनर तापले की त्यांचे घर्षण घटते. डिस्कमध्ये घर्षण एक चतुर्थांशाने घटले तर रोधही तेवढाच घटतो. ड्रममध्ये आपोआप मिळणारी मदतही घर्षणावरच उभी असल्यामुळे रोध त्याहून जास्त घटतो. शिवाय ड्रम तापला की प्रसरण पावतो. २८० मिलिमीटर व्यासाचा बिडाचा ड्रम ३०० अंशांनी तापला तर त्याचा व्यास सुमारे ०.९ मिलिमीटरने वाढतो. म्हणजे प्रत्येक शूपासून तो जवळजवळ अर्धा मिलिमीटर दूर जातो. थंड असताना शू आणि ड्रम यांमध्ये फटच मुळी साधारण तेवढी असते. फट दुप्पट झाली, की पेडल पूर्वीपेक्षा खोल जाऊ लागते. डिस्क तापली की जाड होते, म्हणजे पॅडच्या दिशेने सरकते. तिच्या दोन्ही बाजूंना वारा मिळतो, त्यामुळे ती निवतेही लवकर. ड्रमच्या बंद डब्यात मात्र उष्णता कोंडून राहते.

घाटाचा हिशेब

ही उष्णता असते तरी किती? ब्रेक हे गतिज ऊर्जेची उष्णता करणारे यंत्र आहे. २,७०० किलोची आपली पिकअप ताशी ६० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर वेगाने जात आहे. वस्तुमानाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग केले, की सुमारे पावणेचार लाख ज्यूल ऊर्जा येते. एवढ्या उष्णतेने ३० अंशांचे सव्वा लिटर पाणी उकळीला येईल. एकदा थांबण्याचा खर्च हा एवढाच. डिस्क असो वा ड्रम, दोन्ही तो सहज सोसतात.

आता गाडी घाटात नेऊ. खंडाळ्याहून खोपोलीला बोरघाटाने उतरताना सुमारे ५०० मीटर खाली यावे लागते. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला तर गाडीची स्थितिज ऊर्जा एक कोटी बत्तीस लाख ज्यूलांनी कमी होते. हे ताशी ६० च्या वेगावरून पस्तीस वेळा थांबण्याइतके झाले! पाण्याच्या भाषेत ४५ लिटर, म्हणजे मोठ्या तीन बादल्या उकळता येतील. यातला काही भाग टायर आणि हवा घेतात. चालक गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवील तर बराच भाग इंजिन घेते. पण गिअर न्यूट्रल करून गाडी सोडली, की उरलेली सगळी उष्णता ब्रेकांच्या माथी येते.

तेलाची गोष्ट तर निराळीच आहे. डॉट-३ प्रतीचे ताजे ब्रेक ऑइल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे प्रमाण ठरलेले आहे. पण हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि ओलावा शोषलेल्या तेलासाठी हेच प्रमाण १४० अंश आहे. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही म्हणून तर ब्रेकचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दाबली जाते. पेडल तळाला टेकते आणि गाडी धावतच राहते. ही भीती डिस्कलाही आहे. किंबहुना तिथे दट्ट्या तापलेल्या पॅडला थेट टेकलेला असल्यामुळे तेल जुने ठेवून मुळीच चालत नाही.

मग निवड कोणती?

एवढा हिशेब पाहिल्यावर माझे मत स्पष्टच सांगतो. गावातून बाजारपेठेत, सपाट रस्त्यावर, ठरलेल्या वजनाच्या आत चालणाऱ्या पिकअपला मागे ड्रम असणे ही शहाणपणाची निवड आहे. ड्रम स्वस्त पडतो, चिखल आणि खडी यांपासून लायनरला झाकून ठेवतो, हँडब्रेकही चांगला धरतो. फरशी पुलावरच्या पाण्यातून गाडी गेली तर मात्र ड्रममध्ये पाणी साचून राहते. तेव्हा पुढे गेल्यावर हळू चालवत दोन-चार वेळा ब्रेक हलकेच दाबून लायनर सुकवून घ्यावे लागतात. चकती पाणी लवकर झटकून टाकते.

पण जी गाडी भरल्या ओझ्याने रोज घाट उतरते, किंवा मोठ्या वेगाने लांबचा पल्ला मारते, तिला मागेही डिस्क असाव्यात. तिथे पहिल्यांदा थांबण्याला फारसे महत्त्व नाही, विसाव्यांदा थांबता येते की नाही हे महत्त्वाचे. निर्माते ड्रम लावतात ते पैसे वाचतात म्हणून, असा आक्षेप कोणी घेईल. खरेच आहे, पैसे वाचतातच. पण जिथे कामात उणेपणा येत नाही तिथे पैसे वाचवणे हेही अभियांत्रिकीचेच काम आहे. घाटातल्या गाडीच्या बाबतीत मात्र मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने आहे. तिथली काटकसर परवडणारी नाही.

पिकअपचे माहेरघर जी अमेरिका, तिथेही हा निवाडा एकदाच होऊन संपला नाही. १९९९ च्या शेवरले सिल्वेराडोला चारही चाकांना डिस्क होत्या. २००७ च्या पिढीत १५०० क्रमांकाच्या बहुतेक गाड्यांना मागे ड्रम आले आणि २०१४ च्या पिढीत पुन्हा डिस्क आल्या. टोयोटाच्या टॅकोमाला २०२३ च्या मॉडेलपर्यंत मागे ड्रम होते, २०२४ च्या नव्या पिढीला डिस्क मिळाल्या. तिथे पिकअपला मोठमोठे ट्रेलर जोडतात आणि ताशी ११० किलोमीटरने हाकतात. वेगाचा वर्ग करावा लागत असल्यामुळे ६० च्या मानाने ११० ला उष्णता तिपटीहून जास्त होते. त्यांच्या कामाला डिस्क शोभतात. उलट फोक्सवॅगनने २०२० साली आणलेल्या आयडी.३ या विजेच्या मोटारीला मुद्दाम मागे ड्रम लावले! विजेच्या गाडीत वेग कमी करताना मोटर जनित्रासारखी चालते आणि ऊर्जा बॅटरीत परत जाते. मागच्या ब्रेकांना क्वचितच काम पडते. बिनकामाची उघडी चकती गंजते, झाकलेला ड्रम टिकतो. म्हणजे 'जुनाट' ड्रम सर्वांत नव्या गाडीत परत आला. काम बदलले, म्हणून उत्तर बदलले.

'ब्रेक निकामी झाल्याने'

आता थोडे गंभीर बोलू. अपघाताच्या बातमीत 'ब्रेक निकामी झाल्याने' हे शब्द तुम्ही कितीदा तरी वाचले असतील. जणू ब्रेकांनी अचानक दगा दिला! पुष्कळदा खरी गोष्ट अशी असते, की ब्रेकांना त्यांच्या ऐपतीबाहेरचे काम दिलेले असते. आपल्या उदाहरणातल्या पिकअपमध्ये १,२०० ऐवजी २,००० किलो माल भरला, तर त्याच घाटात ४५ च्या जागी ५८ लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता तयार होते. डब्याचा आकार तोच, चकतीचा आकार तोच. मग जादा उष्णता जाणार कुठे?

हे मी तुम्हालाच का सांगतो? कारण या गाड्यांत तुमच्यापैकी पुष्कळजण कधी ना कधी बसतात. लग्नाचे वऱ्हाड, जत्रेला निघालेले गावकरी, शेतावर जाणारे मजूर पिकअपच्या हौद्यात दाटीवाटीने उभे असतात. मालवाहू गाडी माणसे वाहण्यासाठी नसते आणि कायदाही तेच सांगतो. उभ्या माणसांमुळे गुरुत्वमध्य आणखी वर जातो, म्हणजे मागची चाके आणखी हलकी होतात, हे आता तुम्ही स्वतःच गणित करून सांगू शकाल.

डिझेल वाचवायचे म्हणून काही चालक घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात, कोणी तर इंजिनच बंद करतात. इंजिन बंद झाले की ब्रेकला मदत करणारी निर्वाताची यंत्रणा दोन-तीन दाबांनंतर संपते आणि पेडल दगडासारखे कठीण होते. आणि डिझेल तरी वाचते का? आजच्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये असताना चालकाने पाय काढला आणि चाकेच इंजिनाला फिरवू लागली, की इंधन बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम आजही सोळा आणे खरा आहे.

शिक्षकांना एक विनंती. ऊर्जेचा पाठ शिकवताना चेंडू उंच नेऊन खाली टाकतोच आपण. एकदा आपल्या गावाजवळच्या घाटाची उंची घ्या, पिकअपच्या नोंदणीपत्रावर छापलेले कमाल वजन घ्या, आणि ही बेरीज-गुणाकाराची गंमत फळ्यावर होऊ द्या. मुलांच्या घरी गाडी असेल तर आणखी तीन प्रश्न ती घरी नेतील. ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले? ड्रम उघडून लायनर कधी पाहिले? पाट्यांत जादा पाटा घातला आहे का?

आणि मित्रांनो, पुन्हा कोणी तुम्हाला विचारले, "मागे डिस्क चांगल्या की ड्रम?" तर लगेच उत्तर देऊ नका. आधी विचारा, "काका, वजन किती भरता, आणि वाटेत घाट आहे का?"